एका गाडीच्या दोन बॅटऱ्या

सुरतेच्या दक्षिण अंगाला उधना, पांडेसरा आणि बमरोली ही ठिकाणे एकमेकांना लागून वसली आहेत. कधी काळी ही वेगवेगळी गावे होती. आज मागांचा खडखडाट, रंगाई-छपाईचे कारखाने आणि कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेंपो यांनी ती एकजीव करून टाकली आहेत. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे या पट्ट्यात नांदत आहेत. सुरत महानगरात पालिकेच्या मराठी शाळा चालतात, भाद्रपदात गणपती बसतात आणि श्रावणात खानदेशची कानबाईही मोठ्या थाटाने येते. १९६० सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत सुरत आणि धुळे ही एकाच मुंबई राज्यातील शहरे होती. पुढे सीमारेषा आखली गेली, तरी नवापुरावरून कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या माणसांना आणि मालाला आजही एकत्र बांधून ठेवतो.

श्रोतेहो, या रस्त्यावरील एका अगदी साध्या अडचणीपासून आजच्या विषयाला प्रारंभ करू या. रात्री मालाची गाडी कडेला लागते. चालक आणि क्लीनर तेथेच केबिनमध्ये आडवे होतात. एंजिन बंद असते. परंतु दिवा लागलेला असतो, पंखा फिरत असतो, मोबाइल भरत असतो, कोणी गाणी ऐकत असतो. पहाटे चालक किल्ली फिरवतो आणि ‘सेल्फ’ नुसता ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसतो. मग धक्का देणाऱ्यांची शोधाशोध सुरू होते. माल वेळेवर पोहोचत नाही, भाड्यातून पैसे कापले जातात, आणि घाटाच्या अलीकडे अंधारात उभ्या राहिलेल्या गाडीला मागून येणाऱ्या वाहनाची धडक बसण्याचे भय असते ते वेगळेच. यावर बहुतेकांना सुचणारा उपाय एकच : ‘आणखी एक बॅटरी बसवून टाका!’

उपाय योग्य आहे. पण अर्धाच सांगितलेला आहे. दुसरी बॅटरी कोणत्या जातीची असावी, ती पहिलीशी कशी जोडावी आणि केव्हा तोडावी, हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय. तो ठाऊक नसेल तर दुसरी बॅटरी पहिलीलाही घेऊन बुडते. गंमत अशी की, हा प्रश्न नवा नाही. मोटारगाडी रस्त्यावर येण्यापूर्वी जन्मलेल्या एका यंत्राच्या इतिहासात त्याचे उत्तर केव्हाच लिहून ठेवलेले आहे.

शिशाच्या दोन पट्ट्या

इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा याने जस्त आणि चांदी यांच्या चकत्यांची, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे घालून, एक चळत रचली आणि १८०० सालच्या मार्च महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने तिची हकीकत कळविली. विजेचा अखंड प्रवाह माणसाच्या हाती आला तो या चळतीपासून. परंतु व्होल्टाचा घट एकदा संपला की संपला. विहीर आटावी आणि पुन्हा कधी पाझरू नये, तशी त्याची गत होती.

आटलेली विहीर पुन्हा भरता येईल अशी युक्ती सापडावयास एकोणसाठ वर्षे जावी लागली. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पातळ पत्रे, मध्ये कापडाच्या पट्ट्या घालून, गुंडाळले आणि ते जलमिश्रित गंधकाम्लात बुडविले. त्यांतून एका दिशेने वीज सोडली की ती साठून राही, आणि तारा जोडल्या की उलट दिशेने बाहेर येई. पुढल्याच वर्षी त्याने असे नऊ घट एकत्र करून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवले. १८८१ च्या सुमारास कामीय फोर या त्याच्याच देशबांधवाने पत्र्यावर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची रीत काढली. त्यामुळे घटाची साठवण वाढली आणि कारखान्यात तो झपाट्याने तयार होऊ लागला. आज आपल्या टेंपोच्या बॉनेटखाली जो काळा खोका दिसतो, तो प्लांते आणि फोर यांच्या घटाचाच वंशज आहे. एका बाजूस शिशाचे डायॉक्साइड, दुसऱ्या बाजूस सच्छिद्र शिसे, मध्ये गंधकाम्ल. प्रत्येक कप्प्याचा दाब सुमारे २ व्होल्ट, आणि असे सहा कप्पे ओळीने जोडले की १२ व्होल्ट. दीडशेहून अधिक वर्षांत तपशील पुष्कळ सुधारले. मूळ सांगाडा बदलला नाही.

आगगाडीच्या डब्यातील धडा

एका वाहनावर दोन बॅटऱ्या ठेवण्याची गरज प्रथम जाणवली ती मोटारीत नव्हे, तर आगगाडीत. १८८१ च्या ऑक्टोबरात लंडन ते ब्रायटन या मार्गावर धावणारा एक पुलमन डबा फोरच्या घटांवर विजेने उजळून निघाला. दिवे सुंदर लागले. परंतु प्रवास संपला की घट स्थानकावर भरून घ्यावे लागत. मग अशी कल्पना निघाली की, डब्याच्या आसावरच पट्टा चढवून एक डायनामो फिरवावा, म्हणजे गाडी धावत असताना वीज आपोआप तयार होईल. लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील जे. स्टोन कंपनीने १८९० नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ केली, आणि पुढे हिंदुस्थानातील रेल्वेच्या डब्यांतही तिचा मोठा प्रसार झाला.

या पद्धतीत एक पेच होता. गाडी धावत असता डायनामो बॅटरी भरतो. भरताना दाब चढतो, आणि तोच दाब दिव्यांना मिळाला तर दिवे भडकून जळून जातात. गाडी थांबली की डायनामो थांबतो आणि सारा भार बॅटरीवर येतो. यावर तोड निघाली ती दोन बॅटऱ्यांची. एक बॅटरी डायनामोकडून भरून घ्यावी, दुसरीने दिव्यांची सोबत करावी, आणि दोघींनी आळीपाळीने आपली कामे बदलावी. शिवाय गाडीचा वेग मंदावला की डायनामोला बॅटरीपासून तोडणारे आणि वेग आला की जोडणारे एक स्वयंचलित कळसूत्रही त्यात होते. ते नसते तर थांबलेल्या डायनामोनेच बॅटरी पिऊन टाकली असती.

तापीखोऱ्यातून सुरत आणि खानदेश यांना जोडणारा लोहमार्ग एकोणिसावे शतक संपता संपता, १९०० च्या सुमारास तयार झाला. म्हणजे बमरोलीशेजारच्या उधन्याहून जळगावकडे आगगाडी धावू लागली त्याच काळात दोन बॅटऱ्यांचे हे शास्त्र जगात आकार घेत होते. त्यातून निघालेले दोन नियम आजही जसेच्या तसे लागू आहेत. भरणे आणि खर्च करणे ही दोन कामे एकमेकांच्या आड येऊ देऊ नयेत, हा पहिला. जोडणी नेहमी तोडता येण्यासारखी असावी, हा दुसरा.

या आळीपाळीचा अनुभव आपल्या खेड्यांनाही आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांच्या दीडशे खेड्यांत शेतकी श्रवणमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. त्या काळी वीज पोहोचलेली खेडी थोडी. जेथे ती नव्हती तेथे सार्वजनिक रेडिओ बॅटरीवरच बोले, आणि बॅटरी उतरली की गावाचा कानही बंद होई. भरलेली बॅटरी बसवावयाची आणि उतरलेली भरावयास धाडावयाची, हाच अशा ठिकाणी रेडिओ बोलता ठेवण्याचा मार्ग होता. बॅटरी म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तो एक नित्यक्रम आहे, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे.

सेल्फ आला आणि बॅटरीची जात बदलली

प्रारंभीच्या मोटारगाड्या हँडल मारून सुरू होत. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. प्रसंगी जिवावरही बेते. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसविला गेला आणि मोटार चालविण्यास दंडात बळ असण्याची आवश्यकता उरली नाही. परंतु त्यामुळे बॅटरीवर एक नवेच काम येऊन पडले. दिव्यांना थोडा प्रवाह पुष्कळ वेळ हवा असतो. स्टार्टरला याच्या नेमके उलट, दोनचार सेकंदच, पण शेकडो अँपिअरचा लोंढा हवा असतो.

हा फरक नीट समजला म्हणजे बॅटरी निवडण्याचे निम्मे काम झाले. लोंढा द्यावयाचा तर अम्लाशी संपर्क येणारे क्षेत्रफळ मोठे हवे. म्हणून स्टार्टरच्या बॅटरीत पातळ पातळ पट्ट्या पुष्कळ घातलेल्या असतात. अशी बॅटरी धावण्याच्या शर्यतीतील घोड्यासारखी आहे. तिला रोज रात्री पार रिकामी करून सकाळी भरत गेले, तर पट्ट्यांवरचे द्रव्य गळून पडते आणि थोड्याच महिन्यांत ती निकामी होते. रात्रभर दिवा-पंखा चालविणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या जाड हव्यात. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली नळीच्या पट्ट्यांची, म्हणजे ट्युब्युलर बॅटरी, ही त्याच जातीची. तिला बैल म्हणावे. शर्यत मारणार नाही, पण नांगर दिवसभर ओढील. मात्र घरातील उंच ट्युब्युलर बॅटरी गाडीच्या हादऱ्यांसाठी बनविलेली नसते. म्हणून वाहनात बसविण्यासाठी केलेली, खोलवर उतरणे सोसणारी बॅटरीच मागून घ्यावी.

खानदेशातील शेतकऱ्याला हे सूत्र वेगळे शिकवावयास नको. त्याच्या घरी खाण्याच्या दाण्यांची कणगी वेगळी असते आणि बियाण्याची वेगळी. उपासमार आली तरी बियाण्याला हात लावावयाचा नाही, कारण पुढला हंगाम त्यावर उभा असतो. स्टार्टरची बॅटरी ही गाडीची बियाण्याची कणगी होय. दिवा, पंखा, शीतपेटी, मोबाइल यांनी जे खावयाचे ते दुसऱ्या कणगीतून खावे.

आपल्या देशात या उद्योगाने मूळ धरले ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. असोसिएटेड बॅटरी मेकर्स ही कंपनी १९४७ च्या जानेवारीत नोंदली गेली. बंगालमधील श्यामनगर येथे तिचा कारखाना चालला, आणि १९६९ साली पुण्याजवळ चिंचवडला दुसरा कारखाना उभा राहिला. तीच कंपनी पुढे नावे बदलत १९९५ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीज झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली; तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या रस्त्यांवर मोटारींची संख्या वाढत गेली आणि तिच्याबरोबर बॅटरी दुरुस्तीची दुकानेही. अम्लाचे घनत्व मोजणारी काचेची नळी, ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली आणि भिंतीशी ओळीने भरावयास लावलेल्या बॅटऱ्या, हे दृश्य कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचे झाले.

एकसर की समांतर?

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. दोन बॅटऱ्या जोडण्याच्या रीती दोन. पहिलीचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला जोडले की ती एकसर जोडणी. येथे दाबांची बेरीज होते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या तर २४ व्होल्ट मिळतात; अँपिअर-तास मात्र १०० च राहतात. धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडले की ती समांतर जोडणी. येथे दाब १२ च राहतो आणि साठा २०० अँपिअर-तासांचा होतो. दोन्ही रीतींत एकूण शक्ती तेवढीच, म्हणजे २४०० वॉट-तास. जोडणी बदलल्याने वीज वाढत नाही. ती कोणत्या रूपात मिळावयाची एवढेच ठरते.

मोठ्या मालमोटारींत आणि बसगाड्यांत दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी दिसतात, त्या बहुधा एकसर जोडलेल्या असतात. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि तारा बारीक चालतात. म्हणून जड एंजिनांना २४ व्होल्ट सोयीचे. परंतु येथेच आपल्याकडची एक सार्वत्रिक चूक घडते. गाणी वाजविण्याचे यंत्र किंवा दिव्यांची माळ १२ व्होल्टची असते, म्हणून ती दोघींपैकी एकाच बॅटरीवर जोडून देतात. दिसावयास काम भागते. पण आता एक बॅटरी रोज अधिक खाली उतरते आणि दुसरी तशीच भरलेली राहते. सकाळी अल्टरनेटर दोघींना एकाच ओळीत, एकाच प्रवाहाने भरू लागतो. त्याला फक्त दोघींची बेरीज कळते. कोण उपाशी आणि कोण तृप्त हे त्याला समजत नाही. मग उपाशी बॅटरी कधीच पुरती भरत नाही आणि तृप्त बॅटरी उकळून तिचे पाणी आटत जाते. दोन्ही अकाली मरतात, आणि मालक मात्र कारखान्याला दोष देत राहतो. यावर उपाय म्हणजे २४ चे १२ व्होल्ट करून देणारा परिवर्तक बसवावा, किंवा दोघींचा समतोल राखणारे साधन घालावे. त्याचा खर्च एका बॅटरीच्या किमतीपुढे थोडाच आहे.

समांतर जोडणीतही पथ्य आहे. जुनी आणि नवी, लहान आणि मोठी, किंवा वेगळ्या जातींच्या बॅटऱ्या कायमच्या समांतर बांधू नयेत. सशक्त बॅटरी अशक्त बॅटरीला सतत वीज पाजीत राहते आणि सकाळपर्यंत दोन्ही लंगड्या होतात. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या, एकाच मापाच्या असतील तरच ही जोडी जमते.

मधला दरवाजा

ज्या गाडीत सेल्फसाठी एक आणि रात्रीच्या संसारासाठी दुसरी अशा दोन बॅटऱ्या ठेवावयाच्या, तेथे दोघींमध्ये एक दरवाजा हवा : गाडी चालू असता उघडा, बंद असता मिटलेला. या दरवाजाचाही स्वतःचा इतिहास आहे. सर्वांत जुना प्रकार म्हणजे हाताने फिरविण्याचा मोठा खटका. तो स्वस्त आणि भक्कम आहे. दोष एवढाच की तो माणसाच्या आठवणीवर चालतो, आणि दमलेल्या माणसाची आठवण रात्री दहानंतर भरवशाची नसते. दुसरा प्रकार डायोडचा. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे विसरण्याचा प्रश्नच नाही; परंतु साधा डायोड वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट खातो, आणि तेवढ्याने बॅटरी अपुरी भरते. तिसरा प्रकार रिलेचा. आजचा दाब ओळखणारा रिले साधारण १३.३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे अल्टरनेटर काम करू लागल्यावर, दोघींना जोडतो आणि दाब १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. आगगाडीच्या डब्यात वेगावर उघडमीट करणाऱ्या कळसूत्राचाच हा नातू म्हणावयास हरकत नाही.

चौथा आणि सर्वांत नवा प्रकार म्हणजे डीसी-डीसी चार्जर. पुष्कळशा नव्या गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी अल्टरनेटरचा दाब संगणक कमी-अधिक करीत असतो. तेथे दाबावर चालणारा रिले गोंधळून जातो. हा चार्जर मिळेल तो दाब घेऊन दुसऱ्या बॅटरीला हवा तसा, पायरीपायरीने पुरवितो. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर हाच मार्ग धरावा. लिथियम-आयर्न-फॉस्फेट या द्रव्याचे विद्युत्-गुण दाखवून देणारा शोधनिबंध १९९७ साली जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी या भारतीय नावांनी प्रसिद्ध झाला होता, याचा आपणांस अभिमान वाटावा. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी वजनाने हलकी असते आणि तिचा चारपंचमांश साठा निर्धास्तपणे वापरता येतो. किंमत मात्र जास्त, भरण्याची रीत निराळी, आणि शिशाच्या बॅटरीशी तिला सरळ समांतर बांधणे अयोग्य.

किती मोठी घ्यावी?

‘सर्वांत मोठी द्या,’ असे दुकानदाराला सांगणे म्हणजे निवड नव्हे. निवड हिशेबाने होते, आणि हिशेब तिसरीच्या मुलाला जमेल असा आहे. समजा, एक कुटुंब सापुताऱ्याला किंवा भंडारदऱ्याला गाडीमागे छोटे निवासी ट्रेलर जोडून दोन रात्रींसाठी निघाले आहे. प्रत्येकी ५ वॉटचे तीन दिवे पाच तास जळले तर ७५ वॉट-तास. २० वॉटचा पंखा आठ तास फिरला तर १६०. घरातले मोबाइल भरण्यास ४५ धरा. एकूण २८० वॉट-तास. त्याला १२ ने भागले की एका रात्रीचे सुमारे २३ अँपिअर-तास, म्हणजे दोन रात्रींचे ४७. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक उतरवू नये असा दंडक आहे. म्हणून ४७ ची दुप्पट ९४, आणि बाजारातील जवळचे माप १०० अँपिअर-तास. लहान शीतपेटी सोबत असेल तर हिशेब पालटतो. ४५ वॉटची पेटी चोवीस तासांत आठ तास प्रत्यक्ष चालली तरी रोजचे ३० अँपिअर-तास तीच खाते. पंखा, दिवे आणि मोबाइल एका पारड्यात, आणि एकटी शीतपेटी दुसऱ्यात!

बॅटरीवर लिहिलेले १०० अँपिअर-तास हे बहुधा वीस तासांच्या हिशेबाचे असतात, हेही ध्यानी ठेवावे. पाच अँपिअरने वीस तास, असा त्याचा अर्थ. पन्नास अँपिअरने ओढले तर दोन तास मिळतील हा समज चुकीचा. त्याहून बरेच कमी मिळतात.

ट्रेलरच्या बाबतीत तारेचा हिशेब बॅटरीहूनही महत्त्वाचा. गाडीच्या पुढच्या टोकाकडील अल्टरनेटरपासून ट्रेलरमधील बॅटरीपर्यंत आठ मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन सोळा मीटर तार होते. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली आणि तीतून १० अँपिअर वाहू दिले, तर वाटेतच सुमारे १.१ व्होल्ट नाहीसा होतो. अल्टरनेटरने १४.२ दिले तरी बॅटरीच्या दारी १३.१ च पोहोचतात, आणि ती जन्मभर अर्धपोटी राहते. तीच तार १० चौरस मिलिमीटरची घेतली की हानी पाव व्होल्टच्या आसपास येते. बॅटरीवर हजारो रुपये खर्चून तारेत कंजुषी करणे म्हणजे मोठी विहीर खणून तिला करंगळीएवढी मोट लावणे होय.

यापुढची गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे. ज्या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तिला दोन्ही बाजूंनी आग लागू शकते. म्हणून फ्यूज एक नव्हे, दोन हवेत, आणि दोन्ही आपापल्या बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितके जवळ. तार पत्र्यातून जाते तेथे रबराची चकती घालावी. भरताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले की एक ठिणगी पुरते. झोपण्याच्या जागेखाली कोंदट पेटीत साधी बॅटरी ठेवणे हे म्हणूनच वेडेपणाचे आहे. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, हा नियम प्रत्येक क्लीनरने पाठ करावा.

निवासी गाड्यांचे नवे दिवस

चाकांवरच्या घराची हौस नवी नाही. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातील माजी डॉक्टराने घोडे जुंपून ओढावयाची ‘वाँडरर’ नावाची निवासी गाडी बांधून घेतली आणि देशभर सहल केली. तिच्यात बॅटरी नव्हती, आणि तिची उणीवही कोणाला भासली नाही. आपल्याकडे गाडीत संसार मांडणे ही हौस नसून पोटाची गरज होती : तमाशाचे फड, फिरते चित्रपट, ऊसतोडणीच्या टोळ्या आणि मालमोटारीचे चालक यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या मांडला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि हौशी प्रवाशांनाही ही वाट मोकळी झाली. दुसरीकडे, डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय अधिसूचनेने साडेतीन टनांहून जड अशा, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या चालक-केबिनी वातानुकूलित असाव्यात असे ठरविले. चालकाच्या दिवसाची सोय त्यामुळे होईल. परंतु रात्री एंजिन बंद करून निजणाऱ्याला गारवा हवा असेल, तर दुसऱ्या बॅटरीचा विचार पुन्हा दारात येऊन उभा राहील, आणि त्या वेळी हिशेब दिवा-पंख्याहून कितीतरी मोठा असेल.

शेवटी एक गोष्ट जुन्या बॅटरीविषयी. शिसे हे विष आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा मारा लहान मुलांच्या मेंदूवर होतो. वस्तीतल्या एखाद्या आडोशाला बॅटरी फोडून शिसे वितळविणारे आपल्याच लेकरांच्या श्वासात ते मिसळीत असतात. यासंबंधी देशात २००१ साली नियम झाले आणि २०२२ साली त्यांच्या जागी अधिक व्यापक नियम आले. नवी घेताना जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडे परत द्यावी. तिची किंमतही वजा होऊन मिळते. प्लांतेच्या घटातले शिसे पुन्हा पुन्हा वितळवून नव्या घटात घालता येते, हा या जुन्या शोधाचा एक फार मोठा गुण आहे. तो वाया दवडू नये.

रात्री कोंडाईबारीच्या पायथ्याशी थांबलेल्या गाडीत पंखा खुशाल फिरू द्यावा, दिवाही जळू द्यावा. फक्त तो कोणत्या कणगीतून खातो आहे, एवढे निजण्यापूर्वी पाहून घ्यावे. बियाणे शाबूत असेल तर सकाळी किल्ली फिरताच एंजिन बोलेल आणि गाडी घाट चढू लागेल.